पावकिलो

पावकिलोचं लोखंडी वजन हरवलं त्या साली
बापानं नाल्याकाठून एक दगड आणला.
लांबट, तपकिरी,
एका टोकाला पीळ दिल्यासारखा.
वरोऱ्याला कुणाच्या काट्यावर जोखला म्हणे,
आणि अकरा वर्षं
साखर, चहापत्ती, लाखोळीची डाळ,
पोळ्याचा गूळ,
सगळं त्याच दगडानं मोजलं.

मग लखनौची मॅडम आली.
सकाळच्या एसटीतून उतरायची
आणि पऱ्हाटी काढलेल्या काळ्या रानात
मान खाली घालून फिरायची,
डोरलं हरवल्यासारखी.
दगड उचलायची, जिभेला लावायची.
जुनं हाड असेल तर चिकटतं, म्हणायची.
गावानं नाव ठेवलं: चाटणारी मॅडम.

एका दुपारी पाण्याचं पाउच घ्यायला आली
आणि पारड्यात बघतच राहिली.
हे शेण आहे,
ती हिंदीत म्हणाली.
बाप पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी वाकडं बोलला.

शेणच.
साडेसहा कोटी वर्षांचं.
इथंच कुठंतरी
दीड एसटी लांबीचं एक जनावर
शेपूट जरा वर करून उभं राहिलं,
आणि पुढं चाललं गेलं.
त्यावर चिखल बसला.
चिखलावर तापलेला रस, थरावर थर,
त्याचा दगड, दगडाची माती,
मातीत आमच्या सात पिढ्या.

तिनं ओट्यावर बसून पाउच संपवलं
आणि सांगितलं ते असं:
पुस्तकांत बरीच वर्षं लिहिलेलं होतं
की त्या जनावरांच्या काळी गवत नव्हतंच.
मग कुणीतरी असलंच शेण कुटलं,
आम्लात घातलं, भिंगाखाली धरलं,
तर आत काच.
गवताच्या पात्यात काच असते.
धुऱ्यावरचं गवत ओढताना बोट चिरतं
ते तिच्यामुळं.
पातं कुजतं, चघळलं जातं, पचतं;
काच पचत नाही.
आणि गवतागवताची काच वेगळ्या घाटाची.
एक निघाली
थेट भाताच्या भावकीतली.

मी त्या रात्री ताटातल्या भाताकडे
जरा जपून बघितलं.

पण हे नंतरचं.
तेव्हा ओट्याच्या कडेला पारबता नन्नावरे होती,
साखर न्यायला आलेली.
चाळीस वर्षं गोवऱ्या थापणारी बाई.
गोवरी मोडून सांगते,
या गाईनं काल तुरीचं कुटार खाल्लं,
त्या म्हशीले सरकी कमी पडून राहिली.
तिनं हात पुढं केला.
दगड फिरवला, पिळाकडची बाजू पाहिली,
सवयीनं वास घेतला.
"बरोबर हाय," म्हणाली.
"मी बी हेच करतो रोज.
फक्त वल्लं असते."

मग बराच वेळ गप्प.
मग:
"पन मॅडम, याले त्या वक्ती
कोनं उचललं कसं नाही?"

तेव्हा माणूसच नव्हता, बाई.
गाय नव्हती, चूल नव्हती.

पारबतानं मान डोलावली,
नातेवाइकाच्या घरचं काही कळल्यासारखी.
"मंग ठीक हाय.
उचललं असतं
त केवाच राख झाली असती."

मॅडमनं दगड मागितला.
बापानं आधी नाही म्हटलं,
मग किती देता म्हटलं,
मग पावती मागितली.
तिनं वहीत गाव लिहिलं, नाल्याचं नाव लिहिलं,
पिशवीतून बॅटरीचा छोटा काटा काढला,
त्यावर कागद अंथरला
आणि दगड ठेवला.

दोनशे एकतीस ग्राम.

दुकानात एक माशी होती, तिचा आवाज यायला लागला.
बाप म्हणाला, घासला असंल.
अकरा वर्षांत दगड बी घासतेच.

पारबतानं पिशवीचं तोंड उघडून
आत साखरेकडे पाहिलं.
"साडेसहा कोटी वर्सं नाही घासला," ती म्हणाली,
"अन् तुया दुकानातच कसा घासला रे?"